काठोकाठ भरलेली टाकी

१९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तिच्या नाही, स्वतःच्या मर्जीने चालतो. 'नवं काम छान आहे' असं तू वहिनीला कळवलंस. मी वाचलं आणि लगेच शंका आली. काम छान असलेला माणूस दोन ओळींत आटपत नाही. अक्षरही तुझं वाटेना. तसं म्हटल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "तुम्ही आरशातल्या माणसालाही ओळखपत्र मागाल."

तर, ती जुनी वॉटर स्कूटर मी अखेर खोलली. तुला भर पाण्यात दोन तास तरंगत ठेवलं ना, तीच. खोलली ती दुरुस्तीसाठी नव्हे, तुला पकडण्यासाठी. धक्क्यावर तू तीनदा म्हणालास, "दादा, तेलाची टाकी भरलेली बघूनच मी पेट्रोल भरलं." तीनदा सांगितलंस म्हणूनच मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आधी वाटलं, पेट्रोलमध्येच पाणी असेल. काचेच्या बरणीत काढून ठेवलं, तळाला थेंबही बसला नाही. पेट्रोलपंपवाला सुटला. प्लग काढले तर कोरडे, पांढरे, तेलाचा मागमूस नाही. सिलिंडरमधला दाब मोजला: पुढच्याचा एकशे वीस, मागच्याचा जेमतेम चाळीस. हेड उघडलं तर मागच्या पिस्टनवर मांजराने ओरबाडल्यासारखे उभे चरे. इंजिन तेलाविना घासलं होतं, आणि तेलाची टाकी मात्र काठोकाठ! म्हणजे तेल आत जाऊ नये अशी कुणीतरी सोय केली होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सापडला एकदाचा, म्हटलं.

टाकीतलं तेल इंजिनात सोडणारा पंप हात घालून चाचपला. पंप नव्हताच. त्याच्या जागी पत्र्याची चकती होती, दोन बोल्टनी आवळलेली. ती मी कापलेली होती.

दोन वर्षांपूर्वी तू आठ दिवस सासुरवाडीला होतास, तेव्हाची गोष्ट. तो पंप कधी दगा देईल याचा भरवसा वाटेना, म्हणून काढून टाकला. पेट्रोलमध्येच तेल कालवून भरायचं ठरवलं, तेही मीच. तुला सांगितलं नाही, कारण ते माप तुझ्या हाती द्यायला मन धजेना. मग स्कूटर ताडपत्रीखाली गेली आणि माझ्या डोक्यातूनही गेली. तू भरलेली टाकी बघितलीस आणि साधं पेट्रोल घातलंस. कुणीही तेच केलं असतं.

चकती सापडून महिना झाला. महिनाभर मी गप्प बसलो.

आणखी एक. तू काम मागायला बोटवाल्याकडे गेलास, त्याच्या आदल्या दिवशी मीच त्याला म्हणालो होतो, "धाकट्याचा हात निष्काळजी आहे." उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यापायी त्याने तुला नकार दिला आणि तुला घर सोडून इतक्या लांब जावं लागलं. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

काल त्याच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "धाकट्याला बोलावून घ्या. आमच्या इंजिनांना तो हात लावेल. तुम्ही नका लावू."

त्याचं बरोबर आहे. तू ये. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही.

ज्याच्यावर संशय घ्यायचं मला एकदाही सुचलं नाही तो,
तुझा दादा