फौजदाराच्या श्वासांचा तक्ता

शनिवार, १ मार्च
फौजदारला डॉक्टरीणबाईंकडे नेले. (नाव बायकोने ठेवलेले. पॉमेरेनियन कुत्रा, वजन अडीच किलो, पण दारात येईल त्याची उलटतपासणी घेतो.) हृदयाची झडप गळते, म्हणून खोकला, असे निदान. वय साडेअकरा. घरी येऊन वाचले. या जातीचे आयुष्य बारा ते सोळा वर्षे. मी मध्य काढला, चौदा. म्हणजे अडीच वर्षे हातात आहेत. बायकोला सांगितले. ती म्हणाली, त्याने वाचलंय का ते. तिला हिशेबातले कळत नाही.
बाईंचे हुकूम: गोळ्या दोन वेळा, खारट काही नाही, आणि तो झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते सकाळ-संध्याकाळ लिहायचे. तीसच्या वर गेले की लगेच फोन. रीडिंग कसे घ्यावे हे मला शिकवायला नको. बॉयलरच्या खोलीत एकतीस वर्षे तासातासाला तेच केले.

रविवार, २ मार्च
पट्टी घेऊन तक्ता आखला. पूर्ण मिनिट मोजले. सकाळी २४, संध्याकाळी २६. उत्तम. तक्ता फ्रिजवर लावला.
निश्चय: उद्यापासून सहाला उठणे. दात रोज घासणे (कुत्र्याचे). चीज बंद (दोघांचे).

सोमवार, ३ मार्च
उठायला साडेआठ. तोवर फौजदार जागा, आणि जाग्याचे श्वास धरत नाहीत. दात घासायला गेलो तर बोटाला चावला. दात मजबूत असल्याचे सिद्ध झाले. गोळी चीजमध्ये घालून दिली. ते चीज औषधात धरावे.
तक्त्यात २४ आणि २६ लिहिले. हातासरशी रविवारपर्यंतच्या सगळ्या ओळी भरून टाकल्या. ही आमची जुनी पद्धत. ड्यूटीवर आल्या आल्या रजिस्टर भरून ठेवायचे, फरक पडला तर दुरुस्त करायचे. एकतीस वर्षांत दुरुस्ती लागली नाही आणि बॉयलरही फुटला नाही. पेनाने लिहिले. पेन्सिल ज्याला खात्री नाही त्याने वापरावी.

मंगळवार, ४ मार्च
दुपारी झोपला होता, सहज मोजले. ३८. पण पाय हलत होते. स्वप्नात मांजरामागे धावत असणार, आणि धावताना श्वास वाढणारच. धरले नाही.

बुधवार, ५ मार्च
आज बायकोने मोजले. ४४ म्हणते. घेतलेला आणि सोडलेला, दोन्ही मोजत असणार. तसे सांगितले. ती म्हणाली, मला मोजता येतं, तुम्ही बाईंना फोन करा. केला. बाईंनी आकडे विचारले. तक्ता समोरच होता, वाचून दाखवला. बाई खूश. इतके नियमित लिहिणारे फार थोडे असतात म्हणाल्या. गोळ्या आहेत तेवढ्याच ठेवा, सोमवारी दाखवायला आणा.
बायकोला म्हटले, बघ, लेखी आकड्यापुढे कोणाचे चालत नाही. ती फौजदारशेजारी फरशीवर जाऊन बसली. स्वभावाला औषध नाही.

गुरुवार, ६ मार्च
फौजदार आता आडवा होत नाही. मान वर करून बसल्या बसल्या डुलक्या घेतो. रुबाब आला आहे. कुरिअरवाला आला तर भुंकला नाही. वयाबरोबर समज येते. चीजही हुंगून सोडले. म्हणजे पथ्य अंगवळणी पडले.
बायको म्हणते आत्ताच्या आत्ता चला. वेळ सोमवारची दिलेली आहे. मध्येच जाऊन उभे राहणे बरे दिसत नाही.

शुक्रवार, ७ मार्च, दुपारी ४
सकाळी सातला बायकोने हलवून उठवले. त्याची जीभ निळसर. टॉवेलात गुंडाळून रिक्षात बसलो. माझ्या मांडीवर होता. सिग्नलपाशी त्याने मान टाकली. मी मोजत होतो. एक आला. पुढच्याची वाट पाहत पूर्ण मिनिट मोजले.
फुप्फुसात पाणी भरले होते, असे बाई म्हणाल्या. तक्ता मागितला. बायकोने निघताना फ्रिजवरून काढून घेतला होता, तो दिला. बाईंनी बुधवारची ओळ पाहिली, मग खालच्या ओळी पाहिल्या. खरा आकडा कळला असता तर त्याच दिवशी बोलावलं असतं, एवढेच बोलल्या. मी म्हटले, बारा ते सोळा असे छापलेले आहे. बाईंनी तक्त्याची घडी घालून तो बायकोच्या हातात दिला.

शनिवार, ८ मार्च
बायकोने त्याची वाटी घासून पालथी घातली. तक्ता पुन्हा फ्रिजवर लावला. जेवताना एकच वाक्य बोलली, "तुम्ही त्याला रविवारपर्यंत जिवंत ठेवलंय."
निश्चय: तक्ता काढून टाकणे.

रविवार, ९ मार्च
काढला नाही. सहालाच जाग आली. बेल वाजली, दूधवाला होता. घरात कोणी भुंकले नाही. मला रडू आले. अडीच वर्षे मागत नाही, सोमवारपर्यंत पुरला असता.
आजची ओळ: सकाळी २४, संध्याकाळी २६. बोट ओले करून पुसून पाहिले. पेनाचे आहे. जात नाही.