गुडघ्यावरचा माणूस

बाबा,

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय ती एका झेंड्यापायी. हसू नका. आम्ही न्यू जर्सीत ज्या गावात राहतो, म्हणजे इथे ज्याला टाउनशिप म्हणतात, तिचा स्वतःचा झेंडा आहे. पोस्टाशेजारच्या खांबावर तो असतो. वीस वर्षं त्याच्या खालून गाडी नेतेय, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. त्यावर नदी आहे, पाणचक्की आहे, हॅट घातलेला एक गोरा माणूस ताठ उभा आहे, आणि त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून कातडं देणारा, इथला मूळचा माणूस. त्यालाही इथे इंडियनच म्हणत आले. गेल्या वर्षी टाउनशिपला वाटलं की हे आता बरं दिसत नाही, बदलू या.

कमिटीवर माझं नाव शेजारच्या काकांनी घातलं. रिटायर्ड इंजिनिअर आहेत, पुण्याचे. म्हणाले, "अगं, तू ड्रॉइंग करतेस ना? मग जा की. आणि आपलंही काहीतरी ॲड करून घे. छोटीशी पणती. कोण नको म्हणणारे?" पणतीचं मी तिथे कधी बोललेच नाही. ते अजून विचारतात आणि मी अजून टाळते.

आम्ही पाच जण शनिवारी सकाळी लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसायचो. पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हणाले, त्या गुडघ्यावरच्या माणसाला उभं करा. एवढंच करा, बाकी काही नको. घरी येऊन चित्रही काढलं. कॉलेजला निघताना तुम्ही दिलेला तो बारीक ब्रश अजून माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये चमच्यांशेजारी असतो, त्यानेच. दोघं समोरासमोर, सारख्या उंचीचे. त्याला जागा व्हावी म्हणून पाणचक्की जरा डावीकडे सरकवली. लेक डोकावून म्हणाली, "लुक्स क्राउडेड, मॉम." मी म्हटलं, असू दे गर्दी.

तेव्हा तुम्ही डोळ्यांसमोर होतात. मी दहा वर्षांची असेन. आठवडाभर तुम्ही नागपुरात दुकानांच्या पाट्या रंगवता आणि रविवारी वस्तीतल्या विहाराची भिंत, बिनपैशाची. तळ्यावर पाणी प्यायला निघालेल्या माणसांची रांग. पुठ्ठ्याचा कापलेला आकार भिंतीवर धरून त्याच्याभोवती खडू फिरवायचं काम माझ्याकडे आहे, आणि मी भारी खुशीत आहे. खिडकीपाशी येते तर शेवटचा माणूस मावत नाही. मी त्याला कोपराने पुसून टाकते. तुम्ही चहा पिऊन येता, रांगेवरून नजर फिरवता आणि विचारता, "काहून गाळला याला?" मी म्हणते, जागा नव्हती. "जागा नव्हती तर बाकीच्यांना सरकवायचं ना. माणूस नाही गाळायचा." कुणाला कळणार आहे, असं मी पुटपुटले. तुम्ही फडकं ओलं केलंत आणि माझी अख्खी रांग पुसून पुन्हा पहिल्या माणसापासून सुरुवात करायला लावलीत. आई जेवायला हाका मारून थकली. मला तुमचा इतका राग आला होता की रात्री मी तुमच्या शेजारी जेवायला बसले नाही.

माझं चित्र कमिटीत सगळ्यांना आवडलं. आवडलं म्हणजे काय, छान म्हणून बाजूला ठेवलं. एक तरुण डिझायनर होती, तिचं म्हणणं, झेंडा सोपा हवा, लहान मुलाला आठवून काढता आला पाहिजे, माणसं वगैरे नकोत. शिवाय तो मूळचा माणूस नेमका कसा दिसायचा, काय ल्यायचा, हे आपण कोण ठरवणार? हे मलाही पटलं. त्याची माणसं आता पार दुसऱ्या राज्यांत आहेत, त्यांना लिहून विचारू, असं ठरलं. कुणीच लिहिलं नाही. मीही नाही. ऑफिस, लेकीचे कॉलेजचे फॉर्म, माझी पाठ, दर शनिवार तेच ते. उन्हाळ्यातल्या परेडआधी झेंडा शिवून यायला हवा होता. शेवटी उरली नदी, पाणचक्की आणि ओकचं एक पान. गोरा माणूसही गेला, पण त्याची पाणचक्की राहिली. दुसऱ्याचं काहीच राहिलं नाही.

काल मत द्यायचं होतं. कमिटीत एक म्हातारे गृहस्थ आहेत, जुना झेंडा त्यांच्या आजोबांनी काढलेला. वर्षभर ते बदलाला विरोध करत आले आणि मी मनातून त्यांच्यावर चिडत आले. काल ते भांडले नाहीत. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ॲज ॲन इंडियन, आर यू ओके विथ हिम बीइंग गॉन?" कुणीतरी हसलं. त्यांची चूक मला कळली होती, बाबा. मी तो इंडियन नव्हे, एवढं तरी म्हणता आलं असतं. माझं चित्र बॅगेतच होतं. पण बारा वाजत आले होते, बाकीच्यांनी कोट चढवले होते, आणि मी इतकी दमले होते की पुन्हा पहिल्या माणसापासून सुरुवात करायचं माझ्याच्याने झालं नसतं. मी म्हणाले, "इट्स फाइन." आणि हात वर केला. ते म्हातारे तेवढे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

आज दुपारी ईमेलवर मीटिंगची नोंद आली. त्यात लिहिलंय, आकृती काढून टाकण्यास आमच्या इंडियन सभासदांची हरकत नाही. खाली विचारलंय, काही दुरुस्ती असल्यास कळवा. दोन तास त्या ओळीपुढे बसले. मग हे लिहायला घेतलं, म्हटलं तुम्हाला लिहिता लिहिता धीर येईल.

हे पत्र कुठे जायचं नाही, ते ब्रशशेजारी ड्रॉवरमध्ये ठेवीन. त्यांना मात्र उत्तर पाठवलं, बाबा, मघाशीच, तुमची भिंत लिहून झाल्यावर. 'नो करेक्शन्स' म्हणून.