गज फिरतोय, बाबा

ती. बाबांना, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. शाळेच्या ऑर्केस्ट्रातली पोरं माझ्याकडे व्हायोलिन शिकायला येतात, त्यामुळे खोली भरलेली असते. खालची म्हातारी झाडूच्या दांड्याने छत ठोकते, तेही बेताल!

आईचे गुडघे कसे आहेत? मी वेळेवर जेवते म्हणावं.

शनिवारी शाळेचा कार्यक्रम झाला. माझ्याकडे शिकणारी सातवीतली एक पोरगी शेवटच्या रांगेत होती. वर्षभर घासून तिचा सूर नुकता कुठे जागेवर आला होता. आयत्या वेळी ऑर्केस्ट्राचे सर माझ्यादेखत तिला म्हणाले, “तू गज नुसता फिरव, तारांना लावू नकोस. बाकीच्यांचं बिघडेल.” मी गप्प बसले. कारण माझ्याकडे शिकायला पोरं धाडतात ते हे सरच.

तिने मान डोलावत सगळं गाणं तसंच काढलं. नंतर तिची आई डोळे पुसत मला म्हणाली, “किती गोड वाजवलं हो हिने!” मी हो म्हणाले. पोरगी माझ्याकडे बघत होती. जीभ कशी रेटली, कोण जाणे.

तुम्ही दर पत्रात विचारता, स्वतःचं वाजवतेस ना?

वाजवते, बाबा. त्या पोरीसारखंच.

तुमची,
धाकटी