तीन बोटांचे अंतर

अण्णा नगर, चेन्नई
२२ फेब्रुवारी २००९

प्रिय तन्मय,

या खोक्यात दोन वस्तू आहेत. वर तू मागितलेला लॅपटॉपचा घडीचा स्टँड आहे आणि त्याच्या खाली एक तपकिरी पाकीट. स्टँड लगेच बाहेर काढ, उघडून बघ, प्राचीलाही दाखव. पाकिटाला मात्र हे पत्र संपेपर्यंत हात लावू नकोस. आई साधी गोष्टसुद्धा पाठ घेतल्यासारखी क्रमाने सांगते, ही तुझी जुनी तक्रार आहे. आज तो क्रम एकदा सहन कर. गोष्ट तुझ्या पाठीची आहे आणि ती फोनवर सांगता येण्याजोगी नाही. फोन हॉलमध्ये आहे, आणि हॉलमध्ये तुझे बाबा बसलेले असतात.

प्रथम स्टँडविषयी. पोंगलच्या सुमारास ओरगडमच्या नव्या कारखान्याच्या कामासाठी तू पंधरा दिवस घरी राहिलास आणि निघताना म्हणालास, की लॅपटॉपमुळे मान आणि कंबर धरते, तेव्हा प्रवासात बॅगेत मावेल आणि एरवी ऑफिसातही चालेल असा एखादा स्टँड रिची स्ट्रीटवर बघून ठेव. मी दोन शनिवार त्यासाठी दिले. बरोबर आमच्या शाळेच्या रसायनशास्त्राच्या हेमावती मॅडम होत्या. माझ्या पिशवीत ओळंबा, कोनमापक, ताणकाटा आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या पाहून त्या आपल्या तंजावरी मराठीत मला वाटभर टोचत राहिल्या. दुकानदार आपल्याला वजनमापे खात्याच्या बायका समजेल, असे त्यांचे म्हणणे. तसेच झाले. पद्मनाभन नावाच्या त्या सद्गृहस्थांनी मी स्टँडला ओळंबा लावताच आतून कॉफी मागवली आणि आपल्या तराजूवरचा शिक्का या वर्षीचाच आहे, असे न विचारता सांगितले. हेमावतींनी कॉफी पूर्ण पिऊन झाल्यावरच त्यांचा गैरसमज दूर केला.

आता मूळ प्रश्न समजून घे, म्हणजे निवड आपोआप कळेल. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकाच बिजागरीने जोडलेले असतात, त्यामुळे हाताला सोयीची उंची ठेवली तर नजर खाली जाते आणि नजरेला सोयीची ठेवली तर खांदे वर चढतात. माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे असते. ते मानेच्या बरोबर वर असले तर मानेला त्याचा भार जाणवत नाही. पुढे झुकले की तोच भार, हात लांब करून धरलेल्या बादलीसारखा, मागच्या स्नायूंना ओढत राहतो. म्हणून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली यावी, एवढी उंची देणारा स्टँड हवा. आणि स्टँडबरोबर वेगळा कळफलक हवाच. तो जवळ नसेल, हॉटेलात किंवा विमानतळावर असशील, तर स्टँडवर फक्त वाचन करायचे, टंकलेखन नाही. हा नियम मोडलास तर स्टँड घेऊन उपयोग नाही.

दुकानात तीन प्रकार होते. पहिला जाड पारदर्शक प्लास्टिकचा, दिसायला देखणा आणि अतिशय स्थिर, पण त्याची घडी होत नाही. तो टेबलावर जन्म काढणाऱ्यांसाठी. दुसऱ्यात खाली पंखा आहे. तो लॅपटॉप थंड ठेवतो, परंतु उचलतो जेमतेम चार बोटे, म्हणजे यंत्राची सोय झाली आणि माणसाची नाही. तिसरा अ‍ॅल्युमिनियमचा, कैचीसारख्या दोन पायांचा. मिटला की दुमडत्या छत्रीएवढा होतो, वजन चारशे दहा ग्रॅम, आणि सात खाचा असल्याने उंची बदलता येते. हलका स्टँड डळमळतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण स्थिरता वजनावर नव्हे, तर पाय किती रुंद पसरतात आणि बिजागरी किती घट्ट बसते यावर ठरते. तुझा लॅपटॉप पावणेतीन किलोचा, म्हणून मी तीन किलो पाणी ठेवून पाहिले. पहिला नमुना डावीकडे दोन मिलिमीटर झुकला. पद्मनाभनना दोन मिलिमीटर दिसेनात, पण ओळंबा दाखवल्यावर त्यांनी मुकाट्याने दुसरा काढून दिला. तो मी घरी दोनशे वेळा उघडला आणि मिटला. बिजागरी सैल झालेली नाही. पाचव्या खाचेवर लाल ठिपका दिसेल. तुझी खाच ती. चौथीही नव्हे आणि सहावीही नव्हे.

पाचवीच कशावरून, हे सांगायचे तर ज्या दिवशी तू निघालास त्या सकाळकडे मला परत जावे लागते, आणि माझ्या हातून सगळा क्रम बिघडतो तो तिथेच. तुझ्या डोळ्यांची उंची घेण्यासाठी मी तुला स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभे केले, आठवते? टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, डोके भिंतीला, नजर समोर. तू हसत होतास. म्हणालास, आई, स्टँड घेतेस की मला सैन्यात भरती करतेस? टाचा टेकल्या, पाठ टेकली. डोके टेकेना. मी म्हटले, नीट उभा राहा. तू म्हणालास, नीटच उभा आहे. मी तुझ्या डोक्यामागे हात घातला. भिंत आणि डोके यांच्यामध्ये माझी तीन बोटे सहज गेली.

तू हनुवटी वर करून डोके टेकवलेस आणि विषय संपला असे तुला वाटले. मी डोळ्यांची उंची वहीत लिहिली. तुझे बाबा समोरच जेवणाच्या टेबलाशी होते. त्यांनी ती तीन बोटे पाहिली. ते चहा अर्धा टाकून उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले, आणि तुझी टॅक्सी आली तरी आत आले नाहीत. तुला वाटले, निरोप घेताना त्यांना भरून येते म्हणून. तसे तू मला स्टेशनवरून कळवलेसही.

गेल्या मंगळवारी प्राचीचा फोन आला. काळजीने नव्हे, थट्टेने बोलत होती. म्हणाली, तुमचे चिरंजीव पहाटे चारला उठून घरात फेऱ्या मारतात, पाठ मोकळी झाली की पुन्हा झोपतात. रविवारी उशिरापर्यंत पडून राहिले तर दुपारपर्यंत म्हाताऱ्यासारखे चालतात, आणि कारखान्यात दिवसभर उभे असले की ठणठणीत. मी तिला हसून उत्तर दिले आणि फोन ठेवल्यावर तिथेच बसून राहिले. कारण तन्मय, पहाटे चार वाजता लॅपटॉप बंद असतो. लॅपटॉपने दुखणारी पाठ विश्रांतीने बरी व्हायला हवी आणि कामाने वाढायला हवी. तुझी नेमकी उलट वागते. दिवाळीत तुझा डावा डोळा लाल झाला होता, उजेड सोसत नव्हता, आणि आपण सगळे डोळे आले म्हणून थेंब घालत बसलो. मी वर्गात मुलांना बत्तीस वर्षे सांगत आले आहे, की जे निरीक्षण आपल्या तर्कात बसत नाही ते वहीतून खोडायचे नसते. आणि घरी मी एक निरीक्षण अठ्ठावीस वर्षे झाकून ठेवले आहे.

आपल्या घरातले जेवणाचे टेबल चार लाकडी ठोकळ्यांवर का आहे, असे तू लहानपणी विचारायचास. तुझे पाय खाली टेकत नसत आणि तुझे मित्र म्हणत, तन्मयकडे जेवायला शिडी लागते. टीव्ही कपाटावर, देव छातीच्या उंचीवर, वर्तमानपत्र वाचायला तिरका फळा, बाबांची उशीशिवायची झोप, रोज पहाटेचा तरणतलाव. या सगळ्याला आपण बाबांचे खूळ म्हटले. हेमावती तर त्यांना मयिलापूरच्या देवळाचा रथ म्हणतात, कारण हाक मारली तर मान वळत नाही, ते आख्खे वळतात. तुला सांगितलेले कारण असे, की तुझ्या जन्माआधी गिंडीला पावसात त्यांची स्कूटर घसरली आणि मानेला मार बसला. बाबांची स्कूटर कधीही घसरली नाही.

त्यांना एक आजार आहे. त्याचे नाव अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. त्यात पाठीचे मणके हळूहळू एकमेकांना जुळत जातात आणि कणा एकसंध होतो. आवडी या उपनगरातल्या कारखान्यात ते आरेखनाच्या फळ्यावर दिवसभर वाकून काम करत, तेव्हा दुखणे त्याचेच समजले गेले, जसे तू लॅपटॉपचे समजतोस. चार वर्षे त्यात गेली. १९७६ साली मद्रासच्या एका डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडाला धरले आणि म्हणाले, "कृष्णकांत, हे मणके जुळणार. ते वाकडे जुळायचे की सरळ, एवढंच तुमच्या हातात आहे." त्या दिवसापासून तुझ्या बाबांनी घरातली आणि कचेरीतली प्रत्येक वस्तू नजरेच्या उंचीवर आणली. पंधरा वर्षे मणके जुळत राहिले आणि पंधरा वर्षे हा माणूस ताठ बसून राहिला, म्हणून आज त्यांना खाली पाहता येत नाही, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहता येते. ते खूळ नव्हते, तन्मय. मी इतके चिकाटीचे काम दुसरे पाहिलेले नाही.

हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळले. तू पोटात सात महिन्यांचा होतास आणि मी कपाट आवरत होते, तेव्हा ते चित्र हाती आले. आधी कळले असते तरी मी त्यांच्याशीच लग्न केले असते. पण ती दोन वर्षे मी अजून पूर्ण माफ केलेली नाहीत, आणि म्हणून सांगते, बायकोपासून असे काही ठेवू नकोस, प्राचीला हे पत्र आजच वाचायला दे. त्या दिवशी मी पुष्कळ बोलले. ते फक्त एवढेच म्हणाले, "बाळालाही होईल किंवा होणार नाही. पण त्याला लहानपणापासून आजाराची वाट पाहत बसायला लावायचं नाही, विद्युलता. मला वचन दे." मी दिले. वचन प्रेमापोटी मागितलेले होते, म्हणून त्यातली चूक मला दिसली नाही. मूल लहान असेपर्यंतच ते योग्य होते. तू वीस वर्षांचा झालास तेव्हा त्याची मुदत संपली होती. मी तुझ्या पाठीकडे पाहण्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

आता पुन्हा क्रमाने. बापाला आहे म्हणून मुलाला होतोच असे मुळीच नाही. बहुतेक मुलांना होत नाही. भिंत आणि तीन बोटे म्हणजे निदान नव्हे. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. म्हणून हाडवैद्य, मालिश, पट्टा यांत एक दिवसही न घालवता संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जा. पहाटेचे दुखणे, लाल डोळा आणि बाबांचा आजार, या तिन्ही गोष्टी एकत्र सांग; सुट्या सांगितल्यास तर त्या निरुपद्रवी वाटतात. ते रक्त तपासतील, चित्रे काढतील. बाबांच्या वेळी नव्हती अशी औषधे आता निघाली आहेत आणि लवकर कळले तर पुष्कळ काही करता येते, असे मी वाचले आहे. बाबांची चार वर्षे चुकीच्या कारणामागे गेली. तुझी किती गेली, मला माहीत नाही, आणि तो आकडा विचारण्याचे धैर्यही नाही. तोवर स्टँड वापर. तो तुला बरे करणार नाही. तुला सरळ ठेवण्यापुरताच त्याचा उपयोग, आणि आपल्या घरात त्याची किंमत कुणाला सांगायला नको. पाचवी खाचही मी एकटीने ठरवलेली नाही. मी आकडा वाचून चौथी म्हटले होते. बाबांनी स्टँड टेबलावर ठेवला, समोर बसले, बराच वेळ पाहत राहिले आणि लाल ठिपका स्वतःच्या हाताने लावला. तीन बोटांविषयी मात्र आम्ही एकमेकांशी आजवर एक शब्दही बोललेलो नाही.

आणि हे पत्र मी आजच का लिहिले, ते आता ऐक. सकाळपर्यंत माझे ठरले नव्हते. वचन पाळावे की मोडावे, या विचारात मी पाच दिवस काढले आणि शेवटी केवळ स्टँड पाठवून द्यावा, बाकीचे तू पुन्हा येशील तेव्हा बघू, अशा पळपुट्या निर्णयावर आले. स्टँड खोक्यात ठेवायला गेले, तर खोक्याच्या तळाशी आधीच एक तपकिरी पाकीट सपाट ठेवलेले होते. ते १९७६ चे क्ष-किरण चित्र आहे. तळाशी वस्तू ठेवायची तर त्यांना खाली दिसत नाही. चाचपडून ठेवली असणार, कारण एक कोपरा दुमडला आहे. पाकिटावर 'चि. तन्मय यास' असे लिहिले आहे. अक्षर त्यांचे, पण शाई दौतीतली, आणि उडून पार फिकट झालेली. बॉलपेन हाती येऊन त्यांना वीस वर्षे झाली. म्हणजे मला वचनात बांधले त्याच सुमारास कधीतरी त्यांनी तुझे नाव त्यावर घातले, आणि इतकी वर्षे ते तुझ्या हाती द्यायचे राहिले. पत्र मिळाले की फोन कर. माझ्यासाठी नको, बाबांना बोलाव. फोन त्यांच्या पाठीमागच्या बाजूला आहे. घंटा बराच वेळ वाजत राहील. तू ठेवून देऊ नकोस. त्यांना वळायला वेळ लागतो.

इतक्या उशिरा सांगणारी, तरी तुझीच,
आई