दहा मीटरच्या आत

मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६
मलकपेठ

आज रेड्डी सरांना दाखवलंच. आमच्या कंपनीच्या सगळ्या ब्लूटूथ हेडसेटना एकच कोड, चार शून्यं, आणि तो बदलताही येत नाही. सरांचा हेडसेट केबिनमध्ये टेबलावर होता. मी बाहेर बसून तो माझ्या लॅपटॉपला जोडला आणि केबिनमधलं बोलणं त्यांनाच ऐकवलं. सर हसले. "दस मीटर की तो रेंज है. उतने में कौन आता? अपनेच लोगां रहते."

अपनेच लोगां. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

घरी सासूबाई आणि निखिल, दोघं मायलेक, स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते. मी पाणी प्यायला गेले, तर बोलणं थांबलं. सासूबाई पुण्याहून आल्यापासून हे असंच चाललंय. मी नोकरी सोडून तिकडे यावं असं त्यांना वाटतं, ते ठाऊक आहे. पण निखिलला काय वाटतं? तो मला काहीच सांगत नाही.

बेडरूममध्ये येऊन लॅपटॉप उघडला. निखिलचा हेडसेट, मीच ऑफिसातून आणून दिलेला, स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चालूच पडला होता. स्क्रीनवर त्याचं नाव आलं. चार शून्यं टाकली. फक्त एंटर राहिलं. मधे एक भिंत. अपनेच लोगां.

दाबलं नाही. मी काही फार सज्जन आहे असं नाही. निखिलचं उत्तर ऐकायची भीती वाटली.

हेडसेटच्या रिपोर्टमध्ये 'गैरवापर कोण करू शकेल' याच्यापुढे मी 'अनोळखी व्यक्ती' असं लिहिलंय. उद्या ते खोडायचं. 'घरातली व्यक्ती' लिहायचं.