भूल देणाऱ्या डॉक्टरांना न सांगितलेलं

बुधवार, संध्याकाळ

उद्या माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. आता नाही.

काल भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "कोई दवा, इंजेक्शन?" मी बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "कुछ नहीं. मेरी बहू ने बस शाम का खाना छोड़ा है." डॉक्टर हसले, कागदावर औषधांच्या रकान्यात रेघ मारली. मीही हसले. का?

वजन कमी करायचं इंजेक्शन मी दर शुक्रवारी सॉल्ट लेक भागातल्या माझ्या ऑफिसात घेते, तिथल्याच फ्रीजमध्ये ठेवते. सासूबाईंना वाटतं, त्यांच्या पथ्यानं वजन उतरलं. चारचौघींत कौतुकानं सांगतात. या औषधानं अन्न पोटात जास्त वेळ राहतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे सोबतच्या माहितीपत्रकात मी स्वतः वाचलं होतं. तरी ती रेघ मारू दिली.

आज दुपारी ऑफिसातून डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. "कल क्यों नहीं बोला?" त्यांनी विचारलं. तारीख पुढे गेली. एवढं तरी बरोबर केलं.

घरी मात्र "डॉक्टरांनी पुढे ढकललं" इतकंच म्हणाले. सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"माझंच चुकलं गं. तुला रोज संध्याकाळी उपाशी ठेवलं. अंगात ताकद नाही म्हणूनच थांबवलं असणार."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांनी तूप घालून वरणभात पुढे ठेवला. तीन घासांत पोट गच्च झालं. त्या समोर बसून बघत होत्या. मी चौथा घास घेतला.