वहीतली कंबर आणि खरी कंबर

ती. दादांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द सवयीनं लिहिला. परवा खरोखर घालून पाहिला, तर पोट आधी टेकलं आणि उरलेली अंगं जमिनीची वाट बघत राहिली. तेव्हा जेवढी टेकली तेवढ्यांचा गोड मानून घ्यावा.) वहिनींनाही नमस्कार सांगा, पण हे पत्र पहिल्यांदा तुम्ही एकट्यानं वाचा. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे सर्व ठीक नाही, आणि तुमच्याकडेही नसावं असा मला दाट संशय आहे. मी दर पत्रात तुमची तब्येत विचारतो आणि तुम्ही "उत्तम" असा एका शब्दाचा शेरा मारता, हेडमास्तर होता तेव्हा पोरांच्या निबंधावर मारायचात तसा. या वेळी तो चालणार नाही. गेल्या आठवड्यात मला जो धक्का बसलाय त्यातून मी अजून सावरलेलो नाही, आणि त्यातला निम्मा धक्का तुमच्यामुळे आहे.

सुरुवात झाली ती वकीलसाहेबांच्या पँटपासून. साहेब ट्रायलला आले होते. कमरेला, बैठकीला आणि मोहरीला मिळून मी अकरा टाचण्या लावल्या आणि बाराव्या टाचणीला मला जावं लागलं. हे जावं लागणं आता दोन वर्षांचं झालं. दिवसातून बारा-पंधरा वेळा उठतो, धावत जातो, आणि तिथे उभा राहिलो की काही म्हणजे काही होत नाही. घाईघाईनं कचेरीत पोचावं आणि खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला असावा, तशातली गत. (गिऱ्हाइकांना वाटतं मी मागे चहा पितो. दोघातिघांनी तसं बोलूनही दाखवलं. मी तो आळ स्वीकारला, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा चहाबाज म्हणवून घेणं बरं.) तर मी दहा मिनिटांनी परत आलो तोवर वकीलसाहेब उभं राहून कंटाळले होते आणि शेजारच्या स्टुलावर बसले होते. अकरापैकी सात टाचण्या मला परत मिळाल्या. उरलेल्या चार त्यांनी घरी जाऊन काढल्या असाव्यात. कोर्टातला माणूस, बसताक्षणी त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक प्लायची भिंत आहे, त्यामुळे ते सगळं हिनं ऐकलं. हिनं मला काही विचारलं नाही. सरळ फोन उचलला आणि लघवीच्या डॉक्टरांकडे सोमवारची वेळ घेतली.

त्या दवाखान्याची बाहेरची खोली तुम्ही बघायला हवी होती. भिंतीला टेकून दोन बाकं, दोन्हींवर मिळून नऊ पुरुष, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, कारण सोनोग्राफीला लघवी तुंबलेली लागते. आणि ज्यांना तुंबवून ठेवता येत नाही म्हणून ते आले होते त्यांनाच तुंबवून बसायला सांगितलेलं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मला चेहरे लक्षात राहत नाहीत, पण पँटची बैठक विसरत नाही. नवापैकी पाच पँटी माझ्या हातच्या निघाल्या. एक तर आमचे बँकेतले साहेब, मला बघून एकदम म्हणाले की गुडघा दाखवायला आलोय. मीही म्हटलं, हो, माझाही गुडघाच. दारावर केवढी मोठी पाटी, त्यावर मूत्रविकार असं ठळक लिहिलेलं, आणि खाली आम्ही दोघं आपापला गुडघा चोळत बसलेलो.

आत गेलो तर डॉक्टर बाई निघाल्या. वयानं आमच्या धाकटीएवढ्या. हा पहिला धक्का. मी मान खाली घालून वरच्या वर जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, आणि आता त्या खालचं काहीतरी विचारतील या भीतीनं घाम फुटला, तर बाईंनी खणातून टेप काढली आणि मला हात वर करायला सांगितलं. दादा, चौतीस वर्षं मी या गावाच्या कमरेला टेप लावतोय, माझ्या कमरेला कोणी लावली नव्हती. मी म्हटलं, मोजायची गरज नाही, अडतीस लिहा, माझा धंदाच हा आहे. बाई म्हणाल्या, त्रेचाळीस.

मी हसलो. मग म्हटलं, तुमच्या टेपमध्ये खोट आहे. (माझ्या गळ्यात टेप असतेच, झोपताना तेवढी काढतो.) माझी लावून बघा म्हटलं. लावली, चाळीस आली. आता अडतीसचे चाळीस कसे हे मला माहीत होतं. ही आमच्या धंद्यातली रीत आहे. माप घेताना तोंडानं दोन-तीन इंच कमी पुकारायचं, म्हणजे गिऱ्हाईक खूश, आणि वहीत खरं लिहायचं, म्हणजे पँट बसते. इतकी वर्षं स्वतःलाही मी तोंडचंच माप सांगत आलो. पण चाळीसचे त्रेचाळीस कसे? बाईंनी दोन्ही टेपा टेबलावर शेजारी-शेजारी पसरल्या. माझी टेप, शिवण शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेली, कापडी, चौतीस वर्षं ओढून-ओढून ताणलेली, दर तेरा इंचांमागे एक इंच खात होती. आणि हे आजवर कोणाच्या ध्यानात का आलं नाही? कारण माप त्याच टेपनं घ्यायचं आणि कापडही त्याच टेपनं बेतायचं. पँट बसायची झकास. आकडा तेवढा खोटा. उस्तादांचा फोटो दुकानात आहे, त्याच्याकडे मी अजून वर मान करून पाहिलेलं नाही.

पुढे बाईंनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, त्यांच्या भाषेतलं निम्मं निसटलं. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, अक्रोडाएवढी. वयानं ती वाढते हे मला ऐकून ठाऊक होतं. पण ती नुसती वयानं वाढत नाही म्हणे. पोटावरची चरबी ही गप्प बसणारी वस्तू नाही. ती खाल्लेलं अन्न शरीर कसं वापरतं त्यातच ढवळाढवळ करते. मग इन्सुलिन जास्त लागतं, साखर चढते, रक्तातली चरबी चढते, दाब चढतो, अंगात एक सततची धुसफूस राहते, आणि अशा माणसांमध्ये ही ग्रंथी जास्त फुगलेली आणि लघवीची तक्रार जास्त आढळते. मी म्हटलं, बाई, मला तर वाटलं होतं की साखरेचे डॉक्टर वेगळे आणि तुमचं खातं वेगळं. त्या म्हणाल्या, खाती आम्ही पाडली, शरीरानं नाही पाडली. मग म्हणाल्या की पोट सुटलेल्या माणसाला याच ग्रंथीचा कर्करोग झालाच, तर तो जास्त आडदांड असण्याची शक्यता असते. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

आणि यावर कडी ऐका. त्या रोगाचा सुगावा लागावा म्हणून एक रक्ततपासणी असते. तर जाड माणसात रक्तातलं पाणी जास्त असल्यामुळे तो आकडा पातळ होऊन मुळापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणजे माणूस आकडा बघून निश्चिंत, आणि आत काय चाललंय कोणास ठाऊक. हे मात्र मला कोणाला दोनदा सांगावं लागलं नाही.

मग बाईंनी वडिलांचं विचारलं. मी म्हटलं, वय झालं होतं, लघवी अडली आणि गेले. त्यांनी विचारलं, कशानं अडली. दादा, आपण दोघांनी हे कधी कोणाला विचारलंच नाही, नाही का? भाऊ आहेत का, असं विचारल्यावर मी म्हटलं, एक थोरले आहेत, सहा वर्षांनी मोठे, ठणठणीत. कशावरून, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मीच तर माप घेतो त्यांचं. बोलून गेलो आणि जीभ चावली.

तिथून तडक दुकानात आलो आणि मापाच्या वह्या काढल्या, बारा वर्षांच्या. आमच्या वहीत मापापुढे शेऱ्याचा रकाना असतो, गिऱ्हाइकाची आवड लिहायला. मी एकेक पान उलटत गेलो. ज्याची ज्याची कंबर चार-पाच इंच वाढली, त्याच्या शेऱ्यात दोन-तीन वर्षांनी येऊन पडतंय: रंग गडद हवा. चेन लांब हवी, पटकन उघडणारी. मागे इलास्टिक. फिकट कापड नको. दादा, मी इतकी वर्षं ही फॅशन समजत होतो. दोन वर्षांपूर्वी तर मी गडद कापडाची तीन थानं जादा मागवून ठेवली, की हल्ली चलती आहे म्हणून. गावातले अर्धे पुरुष ओल्या डागाच्या धास्तीनं काळी पँट शिवून घेत होते आणि मी त्यांना रंगाची निवड उत्तम आहे म्हणून शाबासकी देत होतो. (डॉक्टरबाईंना फोनवर हे सांगितलं. त्या म्हणाल्या, एका दुकानाच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, पण वही जपून ठेवा.)

त्यातच तुमचं पान आलं. आठ वर्षांपूर्वी वहीत पस्तीस. मग सदतीस. आता एकोणचाळीस, म्हणजे नव्या टेपनं बेचाळीस. आणि तोंडानं मी तुम्हाला गेल्या खेपेलाही छत्तीसच पुकारलं होतं, कारण थोरल्या भावाचा मान. शेरा माझ्याच अक्षरात: गडद राखाडी. एकाच थानाच्या दोन, हुबेहूब सारख्या. मी तेव्हा हिला म्हटलं होतं की आमचे दादा पहिल्यापासून काटकसरी, एका बेतात दोन काढतात. दुपारी एक बदलून दुसरी घातली तर घरात कोणाला कळू नये म्हणून तुम्ही त्या दोन शिवल्यात, हे मला त्या दिवशी वही हातात धरून उभा असताना कळलं. दादा, मला फार वाईट वाटलं. तुम्ही वहिनींपासून लपवलंत ते एक वेळ समजलं, पण मला सांगायला काय झालं होतं? वर गेल्या वर्षी पेन्शनरांच्या तपासणीत नर्सबाई टेप घेऊन आल्या तर तुम्ही त्यांना हात लावू दिला नाहीत, माझा भाऊ शिंपी आहे, छत्तीस लिहा, असं ठणकावलंत. वहिनींनी हिला कौतुकानं सांगितलं होतं. त्या कागदावर जे छत्तीस आहेत ते माझं पाप आहे, आणि त्याबद्दल मी तुमचे पाय धरतो.

तेव्हा आता हेडमास्तरकी बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. पोट खरं मोजू द्या, साखर बघा, दाब बघा, ते रक्त द्या. बोटानं ग्रंथी चाचपून बघतात तीही तपासणी करू द्या. मिनिटभराचं काम असतं. जो बाप्या आयुष्यभर पोरांना छड्या मारत आला त्यानं एका बोटाला भ्यावं हे शोभत नाही. दुखणं वेळेवर कळलं तर उपाय आहेत, आणि बऱ्याच वेळा नुसती ग्रंथी फुगलेली असते, भिण्यासारखं काही निघतही नाही, असं बाईंनी स्वतः सांगितलंय. जेवण थोडं आवरा, रोज तासभर चाला. मी चालायला लागलोय. लाज कसली त्यात? आपलं शरीर आपण नाही दाखवायचं तर कोणी दाखवायचं?

वहिनींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा

ता. क. चालायला लागलोय म्हणून वर लिहिलं, ते एकच दिवस झालं. त्या दिवशीही चौकातून परत आलो, कारण जावं लागलं.

आणखी एक. नवी टेप आणली आहे, पण गिऱ्हाइकांना अजून जुन्याच टेपनं मोजतो. एकदम तीन इंच जास्त सांगण्याची माझी छाती नाही. वकीलसाहेब तर आधीच दावा ठोकायच्या बेतात आहेत.

शेवटचं. बोटाच्या तपासणीचं मी वर मोठ्या तोंडानं लिहिलं, पण बाईंनी हातमोजा घातला तेव्हा दुकान उघडं टाकून आलोय असं सांगून मी उठलो. रक्ताची चिठ्ठीही घडी करून तशीच ठेवली आहे. फोनवर बाई म्हणाल्या, गुरुवारी या. मी हिला सांगितलंय की सगळं झालं, रिपोर्ट यायचाय. ती रोज विचारते आणि मी रोज सांगतो, उत्तम. दादा, मला भीती वाटते. मी बाईंना सांगून गुरुवारी दोन नंबर लावलेत, तुमचा आणि माझा. बुधवारच्या गाडीनं या. आधी मी आत जाईन, कारण तुम्हाला आत जाताना बघितलं तर मी पळून जाईन. तुम्ही काही बोलू नका, समजूत घालू नका. मी बाहेर येईपर्यंत फक्त बाकावर बसून राहा.